जुन्या वसतिगृहात बालसंग्रहालय करायचंय: भिंती काढणं, स्लॅब कापणं, वर मजला चढवणं इमारतीला झेपेल का?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. नाशिकमध्ये आमच्या संस्थेची मुलींच्या वसतिगृहाची जुनी इमारत आहे. तळमजला आणि वर एक मजला, 1986 सालचं आरसीसी काम. वसतिगृह बंद होऊन बराच काळ झाला. मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या आवारात 2019 मध्ये मुलांचं संग्रहालय सुरू झालं. आमच्या दोन विश्वस्तांनी ते पाहिलं आणि परत आल्यापासून सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार आहे: आपल्या गावातल्या मुलांनाही असं काहीतरी मिळालं पाहिजे. काचेमागच्या वस्तू नकोत. हात लावून, चढून, पाणी-वाळूत खेळून मुलं शिकतील अशी जागा हवी.

आर्किटेक्टने प्राथमिक आराखडा दिलाय. तळमजल्यावरच्या खोल्यांच्या भिंती काढून एक मोठा हॉल करायचा. मधोमध वरच्या स्लॅबला साधारण 5 बाय 5 मीटरचं भगदाड पाडून त्यात मुलांना चढायला दोरीची जाळी टांगायची. वरच्या मजल्यावर वाळूचा हौद आणि पाण्याचे खेळ. मागच्या अंगणात नवीन विस्तार, त्यात कार्यशाळा आणि छोटं सभागृह. पुढेमागे गच्चीवर आणखी एक मजला, कारण बांधतानाच कॉलमच्या सळया वर सोडलेल्या आहेत.

अडचण अशी की जुने स्ट्रक्चरल नकाशे सापडत नाहीत. त्या वेळच्या ठेकेदाराचे चिरंजीव म्हणतात, "पाया तीन मजल्यांचाच घेतलाय, बिनधास्त चढवा." न्हाणीघरांखालच्या छताचे पोपडे पडलेत, सळया दिसतात. अंगणात पूर्वी आड होता, तो बुजवलाय. नेमका तिथेच विस्तार येतोय.

देणगीदारांना पैसा डोळ्यांना दिसेल अशा कामावर गेलेला हवा आहे. मी विश्वस्तांपैकी एक, पेशाने शिक्षक. स्ट्रक्चरल इंजिनिअरला काय विचारावं आणि आधी खर्च कशावर करावा, जाणकारांनी सांगावं.

पक्कं काम

अभिनंदन! काळजी करू नका, 1986 म्हणजे काही फार जुनी इमारत नाही. आमच्याकडे अशी कामं नेहमी येतात. हॅमर टेस्ट (काँक्रीटवर हातोडीसारखं यंत्र आपटून ताकद तपासणं) करून घ्या, एका दिवसात होते. जिथे कमी आकडा येईल तिथे कॉलमला कार्बन फायबर गुंडाळायचं, पोपडे पडलेत तिथे पॉलिमर मॉर्टर. सळया सोडलेल्या आहेत म्हणजे मजल्याचा विचार झालेलाच असणार.

तुळई

गोदाकाठ, तुमचा बेत वाचून फार बरं वाटलं. जुन्या इमारतींची तपासणी आणि मजबुतीकरण हेच माझं रोजचं काम, म्हणून सविस्तर लिहिते. पहिलं उत्तर हे की इमारत वाचवता येईल आणि संग्रहालयही होईल, पण आजच्या आराखड्यातल्या बऱ्याच गोष्टींच्या जागा बदलाव्या लागतील. कोणती गोष्ट कुठे जाईल हे इमारत उघडून बघितल्यावरच ठरवायचं. आराखडा आधी आणि तपासणी मागून, असा क्रम झाला की इंजिनिअरवर कसंतरी बसवून देण्याची पाळी येते.

सुरुवात वजनापासून करू. वसतिगृहाच्या खोल्यांसाठी आयएस 875 या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात चौरस मीटरला 2 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 200 किलो चल भार (माणसं आणि सामान यांचं येणारं-जाणारं वजन) धरतात. संग्रहालयाला 4 धरावा लागतो आणि जिथे मोकळी गर्दी जमते अशा सभागृहाला 5. म्हणजे तुमच्या वरच्या मजल्याची अपेक्षित ताकद थेट दुप्पट झाली. कोणी म्हणेल, मुलं ती, त्यांचं वजन ते किती? नुसत्या उभ्या राहिलेल्या मुलांचा प्रश्न खरंच नाही. एका चौरस मीटरमध्ये 25 किलोची चार मुलं उभी राहिली तरी 100 किलोच होतात. पण मुलं उड्या मारतात, आणि सगळी मिळून एका तालात मारतात. उडी मारून खाली येताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट धक्का बसतो.

दुसरं म्हणजे तुमचे खेळ. वाळूचा हौद 30 सेंटिमीटर खोल धरला तर ओल्या वाळूचं वजन चौरस मीटरला साडेपाचशे ते सहाशे किलो भरतं. 200 किलो धरून टाकलेल्या स्लॅबवर ते कायमचं बसणार, वर मुलं वेगळी. पाणी 30 सेंटिमीटर म्हणजे 300 किलो, शिवाय गळतीची टांगती तलवार. हे दोन्ही खेळ तळमजल्यावर, जमिनीवर टेकलेल्या फरशीवर आणा. यात तडजोड नको. वर पुस्तकं, चित्रं, आरसे, सावल्यांचे खेळ, बाहुल्यांचा मंच असं हलकं ठेवा.

आता तळमजल्याच्या भिंती. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते, कारण ही गोष्ट कागदावर अगदी निरुपद्रवी दिसते. आरसीसी सांगाड्यात विटांच्या भिंती वजन उचलत नाहीत, म्हणून त्या काढल्या तरी चालतात, असं सर्रास सांगितलं जातं. उभ्या वजनापुरतं ते ठीक आहे. पण भूकंपात इमारत आडवी हलते तेव्हा याच भिंती मजल्याला ताठर ठेवतात. वरच्या मजल्यावर भिंती आणि खाली मोकळा हॉल, अशी इमारत खालच्या कॉलमांवरच लचकते. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपात अडीचशे किलोमीटरवरच्या अहमदाबादेत पार्किंगसाठी तळमजला मोकळा सोडलेल्या इमारती कोसळल्या, त्यामागे हे मोठं कारण होतं. नाशिक भूकंपाच्या तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या क्षेत्रात येतं. शिवाय कॉलमच्या रिंगा (उभ्या सळयांना आवळणाऱ्या आडव्या सळया) भूकंपाच्या हिशेबाने कशा बांधायच्या ते सांगणारं आयएस 13920 आलं 1993 मध्ये. तुमची इमारत त्याआधीची. रिंगांची टोकं 90 अंशांत वळवलेली आणि अंतर आठ-आठ इंच, असंच बहुधा सापडेल. आज टोकं 135 अंशांत आत वळवून, सांध्याजवळ रिंगा दाट घेतल्या जातात, म्हणजे जोराचा हिसका बसला तरी त्या उघडत नाहीत.

म्हणून भिंती काढायच्याच असतील तर त्यांच्या बदल्यात काहीतरी द्यावं लागेल. हॉलच्या दोन टोकांना, शक्य तितक्या समोरासमोर, पायापासून गच्चीपर्यंत आरसीसीच्या भिंती घ्यायच्या, स्वतःच्या पायासकट. एकाच कोपऱ्यात घेतल्या तर इमारत पिळवटते. अशा भिंतींनी कॉलमांवरचा आडवा भार बराच उतरतो आणि प्रत्येक कॉलमला जॅकेट (भोवतीने नव्या काँक्रीटचं वेष्टण) घालायची वेळ येत नाही. मुलांच्या दृष्टीनेही बरं, कारण जॅकेट म्हणजे चारही बाजूंनी किमान 100 मिलिमीटर. 9 इंचांचा कॉलम जवळपास दीड फुटांचा होतो आणि हॉलची मोकळीक जाते.

'पक्कं काम' यांच्याशी एका बाबतीत असहमत. हॅमर टेस्ट काँक्रीटचा फक्त वरचा थर सांगते. जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कार्बोनेशनमुळे (हवेतला कार्बन डायऑक्साइड मुरल्यामुळे) कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा चांगला येतो आणि आतलं काँक्रीट तसं नसतं. कार्बन फायबर चांगली गोष्ट आहे, पण ते कॉलमला बाहेरून आवळतं, आत गंजत असलेल्या सळईचा गंज थांबवत नाही. आगीपासूनही त्याला वेगळं संरक्षण लागतं, आणि जिथे शंभर मुलं वावरणार तिथे हा मुद्दा मागे ठेवता येत नाही.

मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं. दोन कॉलमांच्या पायथ्याशी खड्डा घेऊन फुटिंग (कॉलमखालचा पाया) उघडं करायचं, एक कडेचं आणि एक मधलं. लांबी-रुंदी, जाडी आणि ते कशावर टेकलंय ते टेप लावून मोजायचं. नाशिककडे वर काळी माती आणि खाली मुरूम. फुटिंग मुरुमात गेलंय की काळ्या मातीतच थांबलंय, यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. "पाया तीन मजल्यांचा" या वाक्याची शहानिशा या दोन खड्ड्यांत होते, आणि त्याला मजुरीपलीकडे फारसा खर्च नाही. मग काही कॉलम, बीम आणि स्लॅब यांतून काँक्रीटचे कोअर (मशीनने कापलेले दंडगोल नमुने) काढायचे. आयएस 456 प्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरवलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 च्या खाली नको. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीनचा फवारा मारला की निरोगी भाग गडद गुलाबी होतो. कार्बोनेशन झालेला थर रंगहीन राहतो. तो रंगहीन थर सळईपर्यंत पोचला असेल तर सळईचं नैसर्गिक कवच संपलं असं समजायचं. काही ठिकाणी गिलावा आणि कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) फोडून सळई प्रत्यक्ष मोजा. त्या काळी पिळाची टोर सळई असायची. गंजून ती किती बारीक झालीय ते व्हर्नियरने कळतं.

न्हाणीघरांखाली तुम्ही जे पाहताय ते वसतिगृहांत हमखास सापडतं. खाली उतरवलेल्या स्लॅबमध्ये विटांचे तुकडे आणि माती भरून वर फरशी केलेली असते. ते भरण वर्षानुवर्षं ओलं राहतं आणि खालची सळई खातं. तिथे पॉलिमर मॉर्टरची मलमपट्टी करू नका. सगळं भरण उपसून काढा. बहुतेक ते स्लॅब पाडून नव्याने टाकावे लागतील. आणि इथेच एक गोष्ट तुमच्या फायद्याची आहे: स्लॅबला भगदाड पाडायचंच असेल तर ते या खराब झालेल्या पट्ट्यात येईल का, ते आर्किटेक्टना तपासायला सांगा. चांगला स्लॅब मधोमध कापला तर शेजारच्या गाळ्यांचं (बीमांमधल्या स्लॅबच्या तुकड्यांचं) गणित बिघडतं. सलग स्लॅबमध्ये एक गाळा दुसऱ्याला धरून असतो. मधला काढला की शेजारच्या गाळ्याच्या मध्यावरचा ताण वाढतो आणि तिथली खालची सळई त्यासाठी दिलेली नसते.

गच्चीवरही वजन दडलंय. वॉटरप्रूफिंगचा ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) सरासरी 12 सेंटिमीटर असेल तर चौरस मीटरला जवळपास 240 किलो भरतो. तो काढून हलकं वॉटरप्रूफिंग केलं तर कॉलम आणि पायावरचं तेवढं ओझं कमी होतं. गच्चीखालच्या मजल्यावर वाढणारा भार काही अंशी इथून भरून निघतो.

जाळीबद्दल नीट सांगते, कारण यात लोक फसतात. टांगलेली जाळी मुलांचं वजन खाली ढकलते त्याहून जास्त जोराने टोकांना आत ओढते. समजा जाळीचा झोळ लांबीच्या एक दशांश आहे. मुलं सगळीकडे सारखी पसरली तर प्रत्येक टोकाची आडवी ओढ एकूण वजनाच्या सव्वापट येते. तीच मुलं मध्यभागी गोळा झाली (आणि ती होणारच) तर अडीचपट. एक टन वजनाला अडीच टनांची आडवी ओढ, शिवाय उड्यांचे हिसके. हे तुमच्या 1986 च्या बीमला किंवा कॉलमला बांधायचं नाही. जाळीला स्वतःची पोलादी चौकट द्या, जमिनीवर स्वतःच्या पायावर उभी, जुन्या इमारतीला कुठेही न टेकणारी. उद्या जाळी बदलावीशी वाटली तर इमारतीला हात न लावता बदलता येईल.

भगदाडाभोवतीचा कठडाही हिशेबात घ्या. गर्दीच्या जागी कठड्याला मीटरला 2.25 किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोनशे किलोचा आडवा रेटा धरतात. घरगुती जिन्याच्या कठड्याला याच्या सहावा हिस्साच धरतात. साडेचार इंची स्लॅबच्या कडेला चार बोल्ट मारून हा रेटा पेलत नाही, कड तुटते. कठडा बीमच्या बगलेला धरा. उंची 1.2 मीटर, गज उभेच, दोन गजांत 10 सेंटिमीटरपेक्षा कमी फट. आडवे गज मुलांसाठी शिडीच असतात.

विस्तारासाठी माझं ठाम मत आहे की तो जुन्या इमारतीला जोडू नका. शेजारी उभा करा, मध्ये फटीचा सांधा सोडा. जुनी इमारत जेवढी बसायची तेवढी बसलीय, नवी आता बसणार. जोडली तर भेगा ठरलेल्या. भूकंपात दोघी वेगवेगळ्या तालात हलणार, म्हणून सांध्याची रुंदी दोघींच्या हलण्याचा हिशेब करून ठरवायची. तुमच्या उंचीला अंदाजे दोन-अडीच इंच येईल. सांध्यावरची पट्टी एकाच बाजूला पक्की करून दुसऱ्या बाजूला सरकती ठेवायची, आणि तिच्या फटीत बोट जाणार नाही हे बघायचं. नवीन फुटिंग जुन्याच्या शेजारी त्याच पातळीवर ठेवा. त्याहून खोल खणलं तर जुन्याखालची माती निसटते.

आड बुजवलाय तिथे एकही कॉलम नको. भरण कितीही जुनं असो, ते खचत राहतं. आडाच्या दोन्ही बाजूंना, काठापासून लांब, पक्क्या मुरुमात फुटिंग घेऊन वरून तुळई टाका. फरशीही त्या भागात जमिनीवर टेकवू नका, तुळईंवर स्लॅब घ्या.

गच्चीवरचा मजला सध्या विसरा. उघड्या सळया इतकी पावसाळी वर्षं गंजलेल्या आहेत, त्यांना धरून कॉलम वाढवता येत नाही. त्यांच्या मुळाशी पाणी शिरून खालचा कॉलमही फुटतो, तिथे आधी लक्ष द्या. जागा हवी असेल तर विस्तार दोन मजली करा.

चार्ल्सकाठ

तुळईताईंच्या सांगण्याला पुष्टी देणारं उदाहरण. मी बॉस्टनला राहतो. इथलं मुलांचं संग्रहालय 1979 मध्ये लोकरीच्या जुन्या गोदामात आलं. गोदामाचे मजले मुळातच गठ्ठ्यांचं वजन घ्यायला बांधलेले, त्यामुळे नवा वापर त्यांना जड गेला नाही. वसतिगृहाचं उलट आहे. 2007 मध्ये विस्तार केला तेव्हा गोदामाच्या डोक्यावर काही चढवलं नाही, पाण्याच्या बाजूला काचेचा नवा भाग जोडला. पिट्सबर्गलाही तसंच: 1897 चं पोस्ट ऑफिस आणि 1939 चं तारांगण तसंच ठेवून 2004 मध्ये दोघांच्या मध्ये नवी इमारत आणली. जुन्या इमारती बाहेरून ओळखीच्या राहिल्या, हे गावाच्या दृष्टीनेही महत्त्वाचं.

गोदाकाठ

तुळईताई, मनापासून आभार. तुमचं उत्तर छापून विश्वस्तांच्या बैठकीत वाचलं. वाळू-पाणी खाली आणायला सगळे तयार झाले. गच्चीवरच्या नव्या मजल्याचा विषय अध्यक्षांनी स्वतःच मागे घेतला. दोन शंका उरल्यात. एक, वरचा मजला मजबूत केल्यावर तो खरोखर पेलतो याची खात्री पालकांना देता येईल अशी काही चाचणी असते का? दोन, विस्तारातलं सभागृह पोलादी सांगाड्यावर हलकं करावं असं आर्किटेक्ट म्हणतात. मुलांच्या नाचाचे कार्यक्रम तिथे वरच्या मजल्यावर होतील. चालेल?

तुळई

बैठकीत मान्य झालं हे ऐकून खरंच समाधान वाटलं.

चाचणी असते, आणि ती जरूर करा. आयएस 456 मध्येच दिलीय. चल भाराच्या सव्वापट भार 24 तास ठेवायचा. तुमच्यासाठी 4 ची सव्वापट म्हणजे 5 किलोन्यूटन, म्हणजेच सुमारे अर्धा मीटर पाणी. गाळ्याभोवती विटांचा बांध घालून, आत जाड प्लॅस्टिक अंथरून टप्प्याटप्प्याने पाणी भरायचं. फरशी अजून बसवली नसेल तर तिचंही वजन त्यात मिळवायचं. खाली डायल गेज लावून स्लॅब किती लवला ते लिहून ठेवायचं. खाली टेकू असू द्यायचे, पण स्लॅबला न टेकता, थोडी फट ठेवून. काही अघटित झालं तर स्लॅब त्यांच्यावर विसावेल. त्या काळात खाली कोणीही जायचं नाही. पाणी काढल्यावर 24 तासांत स्लॅबने लवलेल्यापैकी निदान 75 टक्के परत वर यायला हवं. तो कागद प्रवेशद्वारापाशी लावलात तर पालक वाचतील. आणि देणगीदारांना डोळ्यांना दिसणारं काम हवं असेल तर त्यांना त्या दिवशी बोलवा, अंगणात उभं राहून गेजचे आकडे वाचून दाखवा.

पोलादी सांगाडा चालेल, पण ताकदीबरोबर थरथर तपासायला सांगा. पोलादी मजला मोडणार नाही आणि तरीही नाचताना असा हलेल की मुलं घाबरतील. मुलं नाचताना सेकंदाला साधारण दोन ते पावणेतीन वेळा आपटतात. त्या तालाच्या दुपटीत-तिपटीत मजल्याची स्वतःची कंपनं आली की हेलकावा वाढत जातो. ढोबळ सूत्र सोपं आहे: 18 ला, मजला स्वतःच्या वजनाने जितके मिलिमीटर लवतो त्याच्या वर्गमुळाने भागा. 9 मिलिमीटर लवत असेल तर सेकंदाला 6 कंपनं, म्हणजे थेट धोक्याच्या पट्ट्यात. 4 मिलिमीटर असेल तर 9, ते चालतं. आर्किटेक्टना सांगा की नाचाचा मंच तळमजल्यावर घेतला तर हा सगळा खर्च वाचतो आणि सभागृह खरोखर हलकं करता येतं. कार्यशाळा वर जाऊ द्या.

आणि कोअर काढायला येतील त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा. आधी कव्हर मीटर फिरवून सळई कुठे आहे ते खडूने आखून घ्यायला लावा, मगच मशीन लावू द्या. कोअर काढलेलं भोक त्याच दिवशी न आकसणाऱ्या ग्राउटने भरून घ्या. हे उद्यावर टाकलं की भोकं उघडीच राहतात.